वीतभर गाडीच्या मागं पंचेचाळीस मिनिटं

३ नोव्हेंबर, सोमवार
तीन महिन्यांची साखर ९.२. डॉक्टर म्हणाले, रोज पंचेचाळीस मिनिटं चाला, फेब्रुवारीत पुन्हा बघू, उतरली नाही तर इन्सुलिन. मला सुईची भीती नाही. फक्त आवडत नाही. बायकोची, चंद्रिकाचीही तपासली, ८.६. ती नेहमीप्रमाणे माझ्या मागंच. उद्यापासून पाचला उठणे.

४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०
उठलो. नुसतं चालत सुटणं माझ्या स्वभावात नाही. काहीतरी उद्देश लागतो.

८ नोव्हेंबर
उद्देश सापडला. रॉक क्रॉलर. रिमोटवरची वीतभर जीप, दगडधोंड्यांवर चढते. ती पुढं, मी मागं. ऑर्डर केली. चंद्रिकाला सांगितलं, वैद्यकीय उपकरण येतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार
घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकामाचे दगड पडलेत. तिथं पहिली ट्रायल. गाडी झकास, पण वेग मुंगीचा. पंचेचाळीस मिनिटं तिच्यामागं चाललो आणि शेजारच्या राहतभाईंच्या गेटपर्यंत पोचलो. त्यांनी विचारलं, गुरुशांतभाऊ, पाय दुखतोय का? काय सांगणार. डॉक्टर मिनिटं म्हणाले होते, अंतर नव्हे.

३ डिसेंबर
उभ्यानं रिमोट धरला की हात हलतो. खुर्ची नेली. तात्पुरती. गाडी सारखी कलंडते. कलंडली की मी "अगं" म्हणतो, चंद्रिका जाऊन सरळ करून येते. एकतीस वर्षांच्या संसारात "अगं" म्हटलं की ती उठतेच. हा हुकूम नाही. टीमवर्क आहे.

२१ डिसेंबर, रविवार
प्लॉटवर कुत्री होती, म्हणून गच्चीवर. तिथं चंद्रिकाच्या कडक भाकरी वाळत होत्या. आयता खडक. तीन भाकरींचा चढ गाडीनं पार केला, चौथी मोडली. ज्वारीत पूर्वीचा दम राहिला नाही. जेवताना टायरची नक्षी उठलेली भाकरी माझ्याच ताटात आली.

१४ जानेवारी
संक्रांत. आजचं गोड हिशेबात धरत नाही. आता रूट थेट प्लॉटच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत नेलाय. गाडी बावीस वेळा कलंडली. हाकही मारावी लागत नाही, बोट दाखवलं की पुरतं. चंद्रिका हल्ली धापा टाकत नाही. ब्लाऊज ढिले झाले म्हणते. शिंप्याची चूक. माझा पट्टा मात्र आवळतोय. थंडीनं चामडं आकसतं.

२८ जानेवारी
सोमवारी तपासणी. कुणाला सांगितलं नाही, पण भीती वाटते. अप्पा, माझे वडील, शेवटी शेवटी रोज सकाळी पोटाची चिमूट धरून बसायचे, सुई टोचायचा धीर होईपर्यंत. मी तेव्हा बाहेर निघून जायचो. उद्यापासून खुर्ची बंद.

२९ जानेवारी
खुर्ची बंद. दगडावर बसलो.

२ फेब्रुवारी, सोमवार
माझी ९.८. चंद्रिकाची ६.९.
डॉक्टरांनी चष्मा काढून तिला विचारलं, काय केलंत? ती म्हणाली, "काय न्हाई. ह्यांची गाडी पडती, मी उचलती."
असंच चालू ठेवा म्हणाले. मग माझ्या चिठ्ठीवर इन्सुलिन लिहिलं.

३ फेब्रुवारी, सकाळी ८
सुई चंद्रिकानंच दिली. तिचा हात हलला नाही. मी डोळे मिटून "अगं" म्हणालो, पण ती समोरच होती.
न्याहारी झाल्यावर तिनं चपला घातल्या. मी रिमोट शोधायला लागलो. तो तिनं कपाटात ठेवून कुलूप घातलंय.
"आजपासून मी तलावापर्यंत जाती," ती म्हणाली. "यायचं तर या की. मागं वळून बघणार न्हाई मी."
येतोच म्हणालो. मनापासून म्हणालो. पण माझी चप्पल घरात कुठं असते हे मला माहीत नाही. आजवर तीच पुढ्यात आणून ठेवायची.
दारातून "अगं" म्हणून हाक मारली. ती कोपऱ्यावर पोचली होती.