कापसाची दाढी

अण्णा, आज तुमच्या नातीनं माझ्याकडे दाढी मागितली. शाळेत वेशभूषा स्पर्धा आहे, विकतचं काही चालणार नाही, घरातल्या वस्तूंतूनच सगळं करायचं, असा तिच्या बाईंचा मेसेज आला. तिला ऋषी व्हायचंय. "आजोबा मुकुट-बिकुट करायचे ना, मग तुलापण येत असेल," म्हणाली. मी तिच्यावर अशी खेकसले की पोर रडत बापाकडे गेली. येतं मला सगळं, तिथंच तर मेख आहे. आपल्या दोघांत जे कधीच बोललं गेलं नाही ते आता लिहूनच टाकते. त्या गॅदरिंगला खरा दिवा मी लावला होता, माझ्या मनानं. तुम्ही सांगितलं नव्हतं.

चुडाव्याच्या अलीकडच्या त्या गावात तुम्ही शाळेवर मास्तर होतात, आपण दोन खोल्यांत राहत होतो, आणि डिसेंबर लागला की त्यातलं स्वयंपाकघर आईचं उरायचं नाही. घमेल्यात जुनी वर्तमानपत्रं भिजत पडलेली. चौथ्या दिवशी तुम्ही ती पाट्यावर वाटायला घ्यायचात आणि आई ओरडायची, "आवो, त्याच पाट्यावर चटणी वाटायचीय मला!" लगद्यात तुम्ही मेथीची पूड घालायचात, कीड लागू नये म्हणून. पालथ्या पातेल्यावर तो थापला की मुकुट. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी त्याला हिरे म्हणून. तुराट्यांचे बाण, सीताफळाच्या बियांच्या रुद्राक्षमाळा. पण तुमचा जीव होता तो दाढीत. गावातून कुणीतरी ओंजळभर कापूस द्यायचं, त्यातली सरकी काढायचं काम माझं. जुन्या धोतराच्या तुकड्यावर कापसाचे थर बसवून ती दाढी तुम्ही कणकेच्या खळीनं थेट हनुवटीवर चिकटवायचात. बाकीच्या शाळांतले ऋषी कानामागं दोरा बांधून यायचे, त्यांना तुम्ही हसायचात. तुमच्या शाळेतल्या पोरानं ओरडावं, नाचावं, घाम गाळावा, दाढी हलत नसे.

मी सातवीत होते. त्या वर्षी ऋषी झाली माझी मैत्रीण, कारण तिचा आवाज खणखणीत होता. मी आश्रमातली मुलगी, तिला ओवाळणारी. ओवाळायला तुम्ही पणतीत चिखल भरून, तारेवर केशरी पतंगाच्या कागदाची ज्योत करून दिली होती. तालमीत सगळ्यांसमोर मी म्हणाले, अण्णा, हे खोटं दिसतंय. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. "खोटंच हाय ते. इस्टेजवर खरा जाळ न्यायचा न्हाई. तुला काम जमलं तर लोकायला खरा दिसंल. न्हाई जमलं तर दिव्याचा काय दोष?" पोरं हसली. मैत्रीणही हसली. एवढंच झालं होतं, अण्णा. एवढ्याशा गोष्टीचा राग मी दोन दिवस पोसला.

गॅदरिंगच्या संध्याकाळी दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून केलेल्या त्या स्टेजवर आईच्या साड्यांचा पडदा लागला. पडद्यामागं मी कागदाची ज्योत उपटली, चिखल कोरून काढला आणि देवघरातून ओच्यात लपवून आणलेली तुपाची वात पेटवली. "अगं, खरा दिवा? गुरुजी रागवतील की!" मैत्रीण म्हणाली. "त्यायनीच लाव म्हणलंय," मी बिनदिक्कत सांगितलं. ओवाळायला लागले तसे लोक गप्प झाले, आणि मला वाटलं, आता बघा म्हणावं. ती आरती घ्यायला वाकली. दाढी भक्कन पेटली. ती दोन्ही हातांनी ओढत होती आणि दाढी निघत नव्हती. तुम्ही खालून उडी मारून आलात, उघड्या तळव्यांनी जाळ दाबलात. मी पणती धरून तशीच उभी होते. कुणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतली.

तिचा उजवा गाल आणि गळा जळाला. तालुक्याहून साहेब चौकशीला आले तेव्हा मी शाळेच्या दाराआड होते. गुरुजींनीच दिवा लावायला सांगितला, असं तिच्या घरच्यांनी आधीच सांगितलेलं. तुम्ही हातांना पट्ट्या बांधून बसला होतात. "मीच सांगितलं," म्हणालात. थांबलासुद्धा नाहीत. घरी आता मार बसणार म्हणून मी कोपऱ्यात उभी राहिले, तर तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?" मारलं असतंत तर फार बरं झालं असतं. तुमची बदली झाली, पार देवगाव फाट्याच्या पुढं. निघण्याआधी तुम्ही सगळे मुकुट बंबात घातलेत. चार दिवस आपण त्या पाण्यानं अंघोळ केली आणि घरभर करपलेल्या मेथीचा वास होता. नव्या गावात तुमच्याआधी तुमची कीर्ती पोचली होती: पोरगी जाळलेलं मास्तर. तिथल्या गॅदरिंगला तुम्ही मागं खुर्ची टाकून पाहुण्यासारखे बसायचात आणि मधेच उठून जायचात. मी ते वर्षानुवर्षं पाहिलं. तुमच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुमच्या तळव्याची ती चकचकीत कातडी माझ्या हातात होती, आई बाहेर गेली होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि "पाणी देऊ का?" असं विचारलं. मी भित्री आहे, अण्णा. याला दुसरा शब्द नाही.

मागच्या महिन्यात पूर्णा स्टेशनवर ती मैत्रीण भेटली. मी ओळखलं नव्हतं, पदर उजव्या गालावरून ओढून घेतलेला होता. तिनंच हाक मारली. अंगणवाडीत मदतनीस आहे. "लगीन जमंना गेलं, मंग बिजवराला दिलं. त्यो बी गेला," असं तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग बाकावर माझ्याजवळ सरकून बसली. "गुरुजीवर लय वर्सं राग व्हता बघ. आरशापुढं गेलं की त्यायलाच शिव्या द्यायचे. आता न्हाई. माणूस हाय, चुकलं आसंल. मी माफ केलंय त्यायला. तू लेक हायस त्यायची, म्हणून तुला सांगायलेय." माझा हात तिच्या हातात होता. गाडीला अजून वेळ होता, बोलायला भरपूर वेळ होता. मी म्हणाले, "अण्णांना बरं वाटलं असतं." तिनं डोळे पुसले. आणि खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरंच वाटत होतं.

त्यानंतर मात्र झोप गेली आहे. तुमच्या नावावरचं ते पाप तिनं मोठ्या मनानं पुसलं आणि मी ते पुसू दिलं, म्हणजे ते तुमचंच होतं असं मी दुसऱ्यांदा सांगितलं. तिनं जाताना फोन नंबर दिलाय. आज दुपारपासून चारदा काढून पाहिला. लावला तर तिला काय मिळणार आहे? जिला ती सासरच्या गोष्टी सांगत बसली ती मैत्रीणही, म्हणजे मीही, तिच्या हातून जाणार. असं मी स्वतःला समजावते आणि मला माहीत आहे की हा तिचा विचार नाही, माझा आहे.

खरं तर हे पत्र मी तिलाच लिहायला बसले होते. वर तिचं नाव लिहिलं, खोडलं आणि 'अण्णा' लिहिलं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.