फादर वुनिबाल्ड यांचं पाचवं नाटक

७ जानेवारी
त्या सकाळी मी चुलीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, जिन्याच्या पायऱ्या पुसल्या आणि उकडायच्या गोळ्यांसाठी बटाटे किसायला बसले. माझा नवरा एगिड टेबलाशी लिहीत होता. मध्येच त्याने विचारलं, बुर्गी, नवऱ्याला झापायचं तर तू काय काय म्हणशील? मी मान न वळवता अकरा नावं ठेवली. ओलं सरपण, बिनकानाचं भांडं, दुपारी आरवणारा कोंबडा वगैरे. तो म्हणाला, जरा सावकाश.
त्याला चार वर्षं झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला. ती सकाळ आज का आठवली, कोण जाणे.
बहुधा आज त्याची पेटी उघडली म्हणून. दर मंगळवारी मठाच्या ग्रंथालयात बसून तो फादर वुनिबाल्ड यांची विनोदी नाटकं पेन्सिलीने उतरवून आणायचा. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा साधू आमच्या गावच्या बोलीत नाटकं लिहायचा, आणि आज त्याला कुत्रंही ओळखत नाही. घरी येऊन एगिड सगळं जुन्या जर्मन लिपीत, शाईने, पुन्हा लिहायचा. हाताची सवय मोडू नये म्हणून, म्हणे.
संकल्प : सगळी नाटकं तळटीपांसह छापायची. १९ ऑक्टोबरला, एगिडच्या पुण्यतिथीला चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेला, पुस्तक हातात हवं. हे मी एगिडसाठी करत नाही. विद्येसाठी करते.

२२ जानेवारी
ती जुनी जर्मन लिपी शिकले. पुस्तिकेवर ‘बारा आठवड्यांत’ असं लिहिलं आहे. मला दोन पुरले. ‘न’ आणि ‘ए’ सारखेच दिसतात, पण संदर्भाने कळतं.

२ फेब्रुवारी
पहिलं नाटक संपलं. ‘न’ आणि ‘ए’ यांची गल्लत झाल्याने पुन्हा सुरू केलं.

९ मार्च
मोठी बातमी. पेटीत पाच नाटकं आहेत. मठाचे ग्रंथपाल फादर एन्गेल्बर्ट यांना फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे चारच हस्तलिखितं आहेत, श्टाडलरबाई, पाचवं कधी नव्हतंच. मी म्हणाले, फादर, तुमच्याकडे नाही म्हणजे हरवलं. त्यांनी घाईने फोन ठेवला. लाज वाटली असणार.

१० मार्च
पाचव्याचं नाव ‘अपोलोनियाचं राज्य’. अपोलोनिया ही एका भित्र्या नवऱ्याची कजाग बायको. जिना पुसते, तो वाळेपर्यंत नवऱ्याला अंगणात उभं करते, मग पाऊस आला म्हणून त्यालाच बोलते. बाकीची चार नाटकं बरी आहेत. हे अस्सल आहे.
तळटीप १ : अशा बायका आता उरल्या नाहीत.

२८ मार्च
अपोलोनिया बटाट्याचे गोळे करते. फादर एन्गेल्बर्ट म्हणाले, वुनिबाल्डच्या काळात इथे बटाटा डुकरंसुद्धा खात नव्हती. तळटीप १४ मध्ये बटाट्याचा इतिहास दुरुस्त केला.

१७ एप्रिल
शेजारच्या हर्मिनेला पहिला अंक वाचून दाखवला. नवरा चष्मा लोण्याच्या भांड्यात विसरतो, तिथे ती इतकी हसली की तिने टेबलाची कड धरली. म्हणाली, अगं, ही अपोलोनिया मला माहीत आहे. मी विचारलं, कोण? म्हणाली, कोणी नाही, तू वाच. थोर लेखकाचं हेच असतं, प्रत्येकाला ओळखीचं वाटतं. तिला बिचारीला स्वतःचीच आठवण झाली असावी.
एगिडचा चष्माही एकदा लोण्यात सापडला होता. तळटीप ३१ : चष्मा व लोणी, एक जुना लोकविनोद.

६ जून
तळटीपा १४०. छापखानेवाला म्हणतो, बाई, नाटक कुठे आहे? त्याला शास्त्रीय आवृत्ती म्हणजे काय ते सांगितलं.
आज जेवायला चुकून दोन ताटं घेतली. हे कामाच्या ताणामुळे.

३ जुलै
दुसऱ्या अंकात अपोलोनिया नवऱ्याला अकरा नावं ठेवते. ओलं सरपण, बिनकानाचं भांडं, दुपारी आरवणारा कोंबडा. म्हणजे माझ्या तोंडातले शब्द अडीचशे वर्षं जुने निघाले. बोलीभाषा किती चिवट असते. तळटीप १६८, दीड पान.

१५ ऑगस्ट
शेवट वाईट आहे. अपोलोनिया माहेरी जाते आणि नवरा एकटाच चुलीजवळ बसून बोलतो. हुंदकेबाज. साधूला संसाराचा अनुभव नसल्याने घसरला. ते भाषण गाळावं असं ठरवलं. तळटीप २०९ : संपादिकेच्या मते ही जागा कमकुवत आहे.

४ सप्टेंबर
साल्झबुर्गच्या विद्यापीठातल्या डॉक्टर कोगेलबाउअर यांना चौथं पत्र पाठवलं. पहिली तीन टपालात हरवली असणार.

२० सप्टेंबर
उत्तर आलं. १८ ऑक्टोबरला स्वतः येतात. प्रस्तावना त्यांनीच लिहावी असं सुचवणार आहे. हर्मिनेला सांगितलं. ती म्हणाली, बुर्गी, त्या येण्याआधी एकदा नीट विचार कर. मत्सर माणसाला कुठे नेतो.

१७ ऑक्टोबर
पुस्तक परवापर्यंत नक्कीच होणार नाही. पण डॉक्टरांची प्रस्तावना पक्की ठरल्यात जमा आहे. केक भाजला. चूल घासली.

२१ ऑक्टोबर
तीन दिवस लिहिलं नाही.
डॉक्टरबाई आल्या. तरुण, सर्दी झालेली. केक खाल्ला. म्हणाल्या की चार नाटकांची आवृत्ती त्यांनी स्वतःच केली आहे, बारा वर्षं लागली, पुढच्या महिन्यात येते. मी म्हणाले, हरकत नाही, पाचवं माझ्याकडे आहे. त्यांनी ते तिथेच वाचायला घेतलं. दोनदा हसल्या. मग एका पानावर थांबल्या आणि माझ्या चुलीकडे बघू लागल्या. त्या पानावर अपोलोनिया निखारे सारायची सळई उगारते. सळईचं टोक डावीकडे वळलेलं आणि मुठीला निळी चिंधी बांधलेली, असं तिथे लिहिलंय.
त्यांनी हळूच विचारलं, “बाई, तुमची ही सळई कधी वाकली?”
मी म्हणाले, “थंडीत फाटक गोठलं होतं, तेव्हा एगिडने तीच घालून उचकटलं. मी त्याला इतकं बोलले की...”
मी उठून सळईच्या मुठीवरची निळी चिंधी घट्ट बांधली.
डॉक्टरबाईंनी कागद सरळ केले. म्हणाल्या, “हे वुनिबाल्डचं नाही. पण त्या चारही नाटकांपेक्षा चांगलं आहे.” जाताना केकचा तुकडा मागून घेतला.
त्या गेल्यावर हर्मिने आली. दारातच म्हणाली, हे एगिडचं आहे, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, “तू इतक्या दिवसांनी पुन्हा कुणाला तरी झापत होतीस, मग ते फादर एन्गेल्बर्ट का असेनात. मला ते ऐकायचं होतं.”
रात्री गाळलेलं भाषण काढलं. नवरा म्हणतो : ती बोलत असते तोवर मला कळतं की मी घरी आहे. ज्या दिवशी ती गप्प बसेल, त्या दिवशी मला घराची वाट विचारावी लागेल.
तळटीप २०९ खोडली. मग बाकीच्याही.
दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर मी कबरस्तानात गेले, दिवा लावला, दगडावरची पानं झाडली आणि एगिडला अकराही नावांनी, सावकाश, अर्धा तास झापलं.