उजवा गुडघा

सर,

मैदान आखताना सुतळीचं एक टोक तुम्ही माझ्या हातात द्यायचात आणि दुसरं तिच्या. कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून सायकलवरून थेट कासारवाडीला यायचात, माती शिंपायचात आणि भोकं पाडलेल्या डब्यातून चुना सोडत आमच्या दोघींच्या मधून वाकून चालायचात. "ताण गं, रेघ वाकडी तर खेळ वाकडा," असं मला म्हणायचात. पलीकडून ती हसायची, "सर, कॉन्व्हेंटच्या हाताला सुतळी रुतती. रुमाल द्या तिला!" मीही हसायचे. नंतर मूठभर शेंगदाणे आणि गूळ आम्ही तिघं एकाच कागदावर खायचो.

तुम्ही स्वतः कंपनीच्या संघातून कबड्डी खेळलेले. पाय अधू झाल्यावर मशीनवर परतलात आणि संध्याकाळी आम्हाला शिकवू लागलात. तुमच्या मैदानाची एक रीत होती. चढाई करणारीचा हातपाय आपल्याला लागला, की पंचाची वाट न बघता हात वर करायचा आणि बाहेर जायचं. "पंचाला डोळे दोन. आपल्याला सगळं अंग हाय. आधी कुणाला कळतं?"

मग ती निवडचाचणी. कंपनीच्या महिला संघात एकच जागा, खेळाडू म्हणून पक्की नोकरी, आणि शेवटी उरलेल्या आम्ही दोघी, समोरासमोरच्या संघांत. शेवटची चढाई तिची. ती अजूनही माझ्याकडे येते आहे, सर. दम घुमतो आहे, ती डावीकडे झुकते, वळते आणि तिच्या पायाचा अंगठा माझ्या उजव्या गुडघ्याला लागतो. अगदी स्वच्छ लागतो. ती परत जाऊन गुण मागत हात उंचावते. पंचांनी पाहिलेलं नाही. ते माझ्याकडे बघतात.

"सांग की गं," ती म्हणाली, "लागला का न्हाई माझा पाय?"

आणि मी शाळेत घोटलेल्या शुद्ध भाषेत, अगदी शांतपणे पंचांना म्हणाले, "नाही सर. स्पर्श झालेला नाही."

पंचांनी लगेच मान डोलावली. ती ओरडत राहिली, तेव्हा समज तिलाच मिळाली. खोटं बोलल्याची लाज आहेच. पण माझ्या बोलण्याच्या ढबीमुळे विश्वास माझ्यावरच बसणार, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, त्याची लाज जास्त आहे.

तुम्ही रेषेबाहेर अधू पाय पसरून बसला होतात. दुसऱ्या दिवशी तुमची खेळण्याच्या दिवसांतली गुडघ्याची पट्टी तुम्ही मला दिलीत, धुऊन, घडी घालून. "नोकरीला चाललीस. उजव्या गुडघ्याला बांध." माझा दुखरा गुडघा डावा होता, सर. ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एवढंच बोललात, आणि मीही पट्टी घेऊन "थँक यू" म्हणाले.

ती पुन्हा मैदानावर आली नाही. मी अनेक वर्षं खेळले, मग प्रशिक्षक झाले, शाली-नारळ घेतले, आणि शेकडो मुलींना तुमची रीत माझी म्हणून शिकवली. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा संघाबरोबर बाहेरगावी होते. रडले. पण खरं सांगते, रडताना आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं.

यंदा निगडीच्या माझ्या मैदानावर दहा वर्षांची एक मुलगी आली. तिची नात. आजीचं थेरगावात, डांगे चौकाजवळ मसाल्याचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला त्या पोरीनं आपण होऊन हात वर केला आणि आम्ही एका गुणानं हरलो. एका मुलीचे वडील माझ्यावरच चिडले, "ओ मॅडम, पंचानं दिलं नव्हतं की! हिला कशाला हरिश्चंद्र व्हायचंय?"

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "मी शिकवायच्या आधीपासून तू हात वर करतेस. कुणी शिकवलं?"

"आजीनं. तिला तिच्या सरांनी." मग जरा लाजून म्हणाली, "आजी म्हनती, तुमी लई भारी खेळायच्या. म्हनून तर तुमच्याकडंच धाडलं."

मला तिच्याकडे बघवेना. मी खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

सगळं लिहून ठेवते. माझ्यामागे शाली ज्याला हव्यात त्याला द्याव्यात, कंपनीच्या संघाचा ब्लेझर कुणालाच देऊ नये. शिट्टी आणि चुन्याचा डबा मैदानावर राहू दे. तुमची पट्टी त्या पोरीला. जो गुडघा दुखेल त्याला तिनं बांधावी. आणि हे पत्र तिच्या आजीला द्यावं. ते खरं तर तिचंच आहे. तुम्ही काही विचारणार नाही, म्हणून वर 'सर' लिहिलं. निगडीहून डांगे चौक काही लांब नाही, सर. मी दोनदा बसस्टॉपपर्यंत गेले आणि परत आले.