बिनमार्क्याचे पांढरे डबे

पांढुर्णा
रविवार, २६ फेब्रुवारी १९८४

चिरंजीव गुणवंता यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, यमुनाबाईचा जयभीम, आणि मालतीला पोटभर आशीर्वाद. तिकडच्या बर्फात तुमच्या दोघांच्या तब्येती टिकून असतील असं धरून चालते. माझी चांगली आहे. गुडघा थंडीने कुरकुरतो असं मी समजत होते, पण थंडी गेली तरी त्याचं चालूच आहे, तेव्हा थंडीवर उगाच आळ घेतला. मोहल्ल्यातले सगळे तुझी आठवण काढतात. फारच काढतात. ते पुढे येईलच.

मागच्या पत्रात तू विचारलंस की भाऊजींना जाऊन वर्ष उलटलं, बाई एकटी किती दिवस राहणार, इकडे आमच्याजवळ काहून येत नाहीस. उत्तराची वाट पाहतो असंही लिहिलंस. उत्तर याच पत्रात देणार आहे. पण आधी तुम्ही पाठवलेल्या डब्यांचं सांगितल्याशिवाय ते समजणार नाही.

तुझा मित्र दत्तात्रय नागपूरहून मुद्दाम गाडीने येऊन बॅग देऊन गेला. (भला माणूस आहे. दोन संत्री खाल्ली आणि सालं स्वतः उचलून बाहेर टाकली. अमेरिकेने बिघडवलेला दिसत नाही.) अमेरिकेची बॅग येणार हे त्याच्या आधीच मोहल्ल्यात पोचलं होतं, त्यामुळे ओटा भरलेला होता. शेजारची विजयमाला पुढे, तिच्यामागे तिचा नवरा भाऊराव, आणि त्यांच्यामागे ज्यांचं काही काम नव्हतं ते सगळे. मी बॅग उघडली. आत पांढरे डबे निघाले. नुसते पांढरे. त्यांच्यावर काळ्या अक्षरांत एकेक इंग्रजी शब्द, आणि बाकी काही नाही. ना फूल, ना बाई, ना हसणारं लेकरू, ना कंपनीचं नाव. साबणाची वडी पांढऱ्या कागदात, त्यावर साबण. मिठाच्या डब्यावर मीठ. बिस्किटांवर बिस्किट. शेंगदाण्याच्या वाटणाची बरणी, तिच्यावरही तेच. ओट्यावरचे सगळे एकमेकांकडे असे पाहू लागले की मला वाटलं, चुकून दुसऱ्याची बॅग उघडली.

बरं, गप्प बसायचं सोडून मी मालतीची चिठ्ठी मोठ्याने वाचली. (मला मोठ्याने वाचायची सवय आहे, तुला माहीत आहे.) तिने लिहिलं होतं, बाईंना आमच्या घरातल्या रोजच्या वस्तू ओळखीच्या व्हाव्यात, आल्यावर बुजू नये, म्हणून पाठवते. इथल्या मोठ्या दुकानात एक रांगच अशी असते, तिथल्या मालावर कंपनीचं नाव नसतं, फोटो नसतो, म्हणून तो स्वस्त पडतो.

स्वस्त हा शब्द मी वाचायला नको होता.

भाऊराव संत्रा मंडीत पेट्या भरतो, ठोकतो आणि त्यांच्यावर व्यापाऱ्याचा मार्का मारतो, हे तुला ठाऊक आहे. त्याने मिठाचा डबा उचलला, चारी बाजूंनी फिरवला, बुडाशी पाहिलं आणि मयतीत बोलावं तशा आवाजात म्हणाला, "वयनी, बुरा नका मानू. पण हा छाट माल हाय. पेटीवर मार्का नसला तं मंडीत कोणी तिले हातबी लावत नाही. जे निवडून बाजूले काढते न, ते बिनमार्क्याचं जाते."

विजयमाला म्हणाली, "माय वो! म्हणजे पोरगं छाट खाऊन राहिलं तिकडं?"

मी सांगितलं की तसं नाही, गुणवंता इंजिनिअर आहे, त्याच्या घरी गाडी आहे, दोन दारांचा फ्रीज आहे. तर ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हो न बाई, तुमाले दुःख होऊ नये म्हणून तसंच लिहीन तो." तू जितकं चांगलं लिहिलं होतंस, तितकं तू लपवतोस असं ठरत गेलं. फ्रीजच्या दोन दारांनी तर तुझा घातच केला. एवढं मोठं कोण खोटं बोलते, ज्याची हालत खराब असते तोच, असं भाऊरावचं म्हणणं.

त्या दिवसापासून माझ्याकडे लोक भेटायला येऊ लागले. भाऊजी गेले तेव्हा आले होते तसेच, चप्पल बाहेर काढून, खाली पाहत. मी चहा ठेवायला उठले की "राहू द्या, राहू द्या" म्हणून बसवायचे. अमेरिकेतली कंपनी बंद पडली असं एकाने आणलं. दुसऱ्याने सांगितलं की तिकडे सरकार गरिबांना पांढऱ्या डब्यात रेशन वाटतं, म्हणून त्यावर नाव नसतं, गरिबाला शरम वाटू नये एवढ्यासाठी. (हे मला इतकं पटण्यासारखं वाटलं की रात्रभर मीही विचारात होते. खरं तसंच आहे का रे?) विजयमालेने जामसांवलीच्या हनुमानाला तुझ्या नोकरीसाठी नवस बोलला. मी म्हटलं, अगं, आम्ही हे मानत नाही. ती म्हणाली, "तुमी नका मानू, मी मानतो न. देव का तुमाले विचारून देते?"

मग रविवारी विहारात वंदना झाल्यावर बापूजी उठले. (बापूजी आता फार थकलेत, पण उभे राहिले की लवकर बसत नाहीत.) म्हणाले, आपल्या मोहल्ल्यातला पहिला पोरगा सातासमुद्रापार गेला. तो गेला तेव्हा आपण सगळे स्टेशनावर होतो. आता त्याची वेळ आली तर आपण घरात बसायचं का? आणि आपल्याकडची जुनी रीत तू विसरला नसशील, ज्या घरावर वेळ येते त्या घरी प्रत्येकाने मूठभर धान्य न्यायचं. मी उठून सांगायला लागले, पण वेळ आलेल्या घराचं माणूस काय बोलतं हे कोणी ऐकत नाही. संध्याकाळपर्यंत मूठमूठ करत पोतं भरलं. ज्वारी, गहू, तुरीची डाळ, सगळं एकात एक. ज्यांच्या घरी संध्याकाळी चूल पेटेल की नाही याची मला शंका आहे, त्यांनीही आणलं. बोरगावहून कोणीतरी अंबाडीच्या भाजीची सुकी पानं पाठवली. गुणवंता, मी हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते, आणि त्यांना त्यातला फक्त पदर दिसत होता.

भाऊरावने वेगळंच केलं. मृगाच्या बहराची निवडक संत्री पेटीत भरली, गवताचा थर दिला, खिळे ठोकले, आणि आपल्या व्यापाऱ्याचा लाल मार्का तीन बाजूंनी मारला. चौथ्या बाजूला लिहिलं, गुणवंता, अमेरिका. पेटी खांद्यावर घेऊन पोस्टात गेला. पोस्टमास्तर म्हणाले फळ जात नाही. तर तो म्हणे, "साहेब, फळ नका पाहू, मार्का पाहा."

या सगळ्यात माझं कुतूहल मात्र डब्यांवरून हलेना. यशवंतराव किराणावाल्याला मी तो मिठाचा डबा दाखवायला घेऊन गेले, म्हटलं दुकानदाराला तरी समजेल. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "चांगलं हाय की. माया दुकानात कोणत्या डाळीवर नाव हाय वो? खडा निघाला तं तुमी येऊन मलेच शिव्या देता न, मंग नाव कायले पायजे?" ते तर खरं. पण मग तिकडचं सांग. तुमच्या त्या रांगेत डाळीत खडा निघाला तर तुम्ही कोणाशी भांडता? की तिकडे भांडतच नाहीत? हे मला नक्की कळव, मी बऱ्याच दिवसांपासून विचार करते आहे.

दुसरं असं की मी ते सगळे शब्द वाचले. कोणाला न विचारता. इंग्रजी अक्षरं मी पाट्यांवरून गोळा केलेली आहेत, पांढुर्ण्याच्या स्टेशनवरून सात, सौंसरच्या छोट्या गाडीच्या पाटीवरून एस, लोधीखेड्याहून एल. टी तिकीट तपासणाऱ्याच्या छातीवर होता, त्याला वाटलं मी त्याच्याकडे पाहते आहे. मीठ सगळ्यात आधी जुळलं. एस, ए, एल, टी. त्याच्यावर फोटो असता तर मी फोटो पाहून मीठ म्हटलं असतं आणि अक्षरं तशीच राहिली असती. त्या डब्याने मला लाच दिली नाही, हे मला आवडलं.

पण मीठ वाचून झालं, आणि पुढे काहीच नव्हतं. चहाला उकळीही आली नव्हती.

तुला माहीत नसेल, मी वाचायला शिकले ती यशवंतरावांच्या पुड्यांवर. तुझे भाऊजी नगरपालिकेच्या नळाची चावी फिरवून यायचे, येताना साखर, डाळ, जिरं आणायचे, आणि मी पुडी सोडून तिचा कागद चुलीपुढे मोठ्याने वाचायची. त्यांना सहीपुरतं येत होतं. अर्धी बातमी मराठीत, दुसऱ्या पुडीवर हिंदीत. एकदा एका पुडीवर एक गोष्ट होती, सून विहिरीकडे निघते आणि तिथे कागद फाटलेला. तुझे भाऊजी तसेच उठले, दुकानात जाऊन यशवंतरावांना म्हणाले, या कागदाचा बाकीचा भाग द्या. त्यात हिंग बांधून तो एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. तर त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेले, आणि कागद घेऊन आले. सून पाणी आणायला गेली होती, बाकी काही नाही. आम्ही किती हसलो. अजूनही पुडी सोडली की मी मोठ्यानेच वाचते. भिंतीपलीकडून विजयमाला विचारते, "कोण आलं वो?" मी म्हणते, कोणी नाही, जिरं आहे.

तेव्हा आता उत्तर लिहिते. मी येत नाही. ज्या देशात स्वयंपाक होईपर्यंत वाचायला डब्यावर एकच शब्द, तिथे मी दिवसभर काय करू? इथे घर आहे, पुड्या आहेत, नळही अजून त्यांच्याच वेळेला येतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मालतीला सांग, शेंगदाण्याचं वाटण भाकरीबरोबर चांगलं लागतं, फक्त त्यात तिखट आणि लसूण घालायचं राहून गेलं होतं, ते मी घातलं.

तुझी
यमुनाबाई

ता. क. संत्री पोस्टाने गेली नाहीत म्हणून आम्ही सगळ्यांनी ओट्यावर बसून तुझ्या नावाने खाल्ली. धान्य परत कोणी घेत नाही, ते पोतं घरात आहे. तुझा एक फोटो पाठव, गाडीजवळ उभा राहून, चांगला कोट घालून, पोट थोडं पुढे काढून. म्हणजे लोकांचा जीव भांड्यात पडेल.

ता. क. दुसरा. फोटोचं राहू दे, पाठवू नकोस. हे पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं आहे. गुणवंता, सुखात राहायला म्हणून मला या घराला कुलूप लावता येणार नाही, माझे हातच उचलणार नाहीत. पण कोणाचं माझ्यावाचून अडलं असतं तर तुझ्या भाऊजींनीच मला गाडीत बसवून दिलं असतं. तेव्हा खरंच हलाखीत असशील तर तसं लिही, मी निघते. आणि नसशील, तरी थोडी हलाखी लिही, माझ्या निघण्यापुरती. मोठ्या अक्षरांत लिही, मी ते ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवीन.