ताईने हात वर केला

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (नमस्कार मनातला. गुडघ्यांमुळे वाकणं हल्ली जमत नाही.)

तुझे चिरंजीव महिनाअखेरीस आमच्या विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात व्याख्यान देणार आहेत. निमंत्रणपत्रिका माझ्याच टेबलावरून गेली, तेव्हा बातमी पक्की. विषय अर्थातच गोगलगायी. इतकी वर्षं तुझ्या ओट्यावर बरण्या मांडून तुला छळलं, आता त्याच गोगलगायींनी त्याला व्यासपीठावर चढवलंय.

तू यायचंच आहेस. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरल्यात, तुझी आणि माझी. नेहमीसारखी तुझ्याकडे तिरकी बसून, माझ्या कानांवर पडेल ते सगळं हातांच्या खुणांनी सांगेन. आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवतं? तुला नाटक सांगत होते, तर सिस्टरांना वाटलं मी चुळबुळ करतेय. त्यांनी मला उठवून भिंतीशी उभं केलं, आणि मी तिथूनही सांगतच राहिले.

लोभ आहेच. खुर्ची रिकामी ठेवून त्याची परीक्षा घेऊ नकोस.

तुझी,
चिमणी

९ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोळे भरून आले. पण मी येणार नाही. फुरंगटू नकोस, आधी कारण वाच.

तू मायेने सांगतेस, पण सभागृह हसून गप्प झालं की मग माझी हसायची पाळी येते. मी एकटीच हसते आणि पुढची माणसं वळून बघतात. तुझ्या लेकीच्या पदवीदानाला असंच झालं. तू विसरली असशील, मी नाही. दुसऱ्यांच्या समारंभात मी ते चालवून घेते. पण माझ्या मुलाच्या पहिल्या व्याख्यानात त्याच्या आईनेच सगळ्यांच्या मागून हसायचं, हे मला नको. त्यापेक्षा त्याने घरी येऊन निवांत सांगावं.

तो वाळलाय असं फोटोत दिसतं. जेवणाकडे लक्ष ठेव.

माया होती तेवढीच आहे. नकार फक्त खुर्चीला.

तुझी,
ताई

१२ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न.

समोर बोलायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवून जातोय.

आई येणार नाही म्हणते. तिला लोकांच्या बरोबरीने हसता यायला हवं, एवढंच तिचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे. मावशी, रागावू नकोस, पण त्या दिवशी तू दुभाषी होऊ नकोस. लहानपणी मला वाटायचं की भाषणं छोटी आणि सुरेख असतात, कारण मी ती तुझ्या हातांवर पाहिली होती. पुढे कान देऊन ऐकली तेव्हा कळलं, तू किती गाळतेस ते.

माझं व्याख्यान आईला सगळं मिळू दे, त्यातल्या कंटाळ्यासकट. मी बोलता बोलता खुणा करायला गेलो तर दोन्ही भाषांचा विचका होतो. हे काम शिकलेल्या दुभाषी बोलाव. विद्यापीठाचे कार्यक्रम तूच तर आखतेस.

हवा तर माझा कान धर, पण नाही म्हणू नकोस.

तुझा,
भाचा

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दिवट्याने मला कामावरून काढलंय. दोन दिवस मी घुश्शात होते, तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच जागी माणूस शोधायला बसले.

दुभाषी म्हणून दोघी बहिणीच मिळाल्या. एका व्याख्यानाला दोन बायका कशाला, एक हात हलवणार तर दुसरी काय करणार, असं आमच्या हिशेबनिसाने विचारलं. मी त्याला म्हटलं, वीस मिनिटं न थांबता दुसऱ्याचं बोलणं हातांनी सांगून बघ, म्हणजे कळेल. त्या आलटून पालटून सांगतात. मी इतकी वर्षं एकटीने केलं हे ऐकून थोरली हसली आणि म्हणाली, मग बरंच गळत असणार. म्हणजे घरचा आहेर आधीच मिळाला होता, आता बाहेरचाही मिळाला.

भाषण त्यांना आधीच हवं असतं. तुझ्या मुलाने ते दिलं आणि त्यांच्याबरोबर बसून अवघड शब्दांच्या खुणाही ठरवल्या. प्रास्ताविक करणारे विभागप्रमुख मात्र म्हणतात, मला जे सुचेल ते मी आयत्या वेळी बोलतो. धाकटीने कपाळाला हात लावला. ती खूण मला लगेच समजली. दुभाषी उभी राहणार त्याच जागी माळ्याने कुंड्यांचा डोंगर रचला होता, तो हलवला. पडद्यावर चित्रं दाखवताना अंधार करतात, तेव्हा तिच्यावर एक दिवा राहील.

पत्रिकेत ही सोय छापल्यावर तुझ्यासारख्या आणखी पाच जणांनी येतो म्हणून कळवलंय. आता तू आली नाहीस तर त्यांना काय सांगू? मी शेजारी बसेन, पण हात बांधून.

रुसवा उतरला, प्रेम शिल्लक आहे. ये.

तुझी,
चिमणी

१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तू बस गाठायच्या घाईत निघालीस आणि जाताना रागाने म्हणालीस की सगळं सभागृह तुझ्या फजितीला हसलं. असं नाही गं. कानांना काय ऐकू आलं ते तुला ठाऊक नाही, ते सांगते.

अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर तू हात उंच करून हलवलास. तुला फक्त मुलाचं लक्ष वेधायचं होतं, हे मला कळलं, पण दुभाषींना कसं कळावं? थोरलीने ध्वनिक्षेपक उचलला आणि तुझ्या खुणा तिच्या आवाजात सगळीकडे घुमल्या, “अरे बाळा, कॉलर. डावीकडची. मघापासून आत दुमडलीय.”

त्याने निमूटपणे कॉलर बाहेर काढून सरळ केली. अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण? आणि तो आवाज म्हणाला, “मी त्याची आई.”

ताई, आजवर लोकांशी तुझ्या वतीने मी बोलत आले ते ‘ताई म्हणतेय की’ अशी सुरुवात करून. तुझं ‘मी’ मी काल पहिल्यांदा कानांनी ऐकलं. माझे डोळे त्याने भरले होते, हसून नव्हे. बरं, थोडे हसूनही.

आणि मग तू बसली नाहीस. विचारलंस, “गोगलगाय हिंडून पुन्हा जुन्या जागी येते म्हणालास. ती भुकेने येते की सवयीने?” तो म्हणाला, “दोन्हीने. आणि येत्या रविवारी येतेय.” सभागृह खो खो हसलं. मी तेव्हा तुझ्याकडेच बघत होते. तू सगळ्यांच्या बरोबर हसत होतीस. माझ्या तर आधीच, कारण मी रडत होते.

राग बसमध्येच विसरली असशील, असं धरून चालते.

तुझी,
चिमणी

६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

राग कॉलरीचा होता. ती त्याला घरीच इस्त्री करून द्यायला हवी होती. गोगलगाय रविवारी येऊन, जेवून, बरण्या तशाच टाकून गेली.

एक सांगू? विभागप्रमुख बोलत होते तेव्हा धाकटी बिचारी इमानाने सगळं सांगत होती आणि त्यात काही म्हणजे काही नव्हतं. तिच्या जागी तू असतीस तर तेवढ्यात दोन सुंदर वाक्यं घडवून दिली असतीस, आणि मी तुझ्या कष्टांकडे बघून मान डोलावली असती. त्या दिवशी मी खुशाल नजर वळवली, छत पाहिलं, शेजारणीच्या चपला पाहिल्या. चारचौघांसारखं कंटाळायला किती बरं वाटतं, हे तुला सांगून कळायचं नाही.

पुढच्या महिन्यात तुमच्याकडे ताऱ्यांवर कुणाचंसं व्याख्यान आहे ना? वक्ता आपला कुणी नाही, विषयातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी यायचंय. दुभाषींना आत्ताच सांगून ठेव.

तूही शेजारी बस. विभागप्रमुखांच्या केसांच्या टोपाविषयी मी तुला खुणांनी जे सांगितलं, ते थोरलीने शब्द न् शब्द वाचलं असणार, नाहीतर ओठ दाबून जमिनीकडे कशाला बघत बसली होती? आता आपली भाषा त्या सभागृहात आणखी माणसांना येते. तेव्हा गप्पा मारू, पण हात मांडीशी ठेवून, हळू आवाजात.

मायेने,
ताई