न वाचलेला पाऊस

जव्हार,
१० ऑगस्ट २००६

प्रिय उजू,

सकाळपासून चार वेळा परसातल्या पर्जन्यमापकापाशी जाऊन आलो. दोन दिवस थेंब नाही, बाटली कोरडी आहे हे मला ठाऊक आहे, तरी जातो, वरचं नरसाळं काढतो, आत डोकावतो आणि परत येतो. तुझी आई म्हणाली, "पाऊस मोजून मोजून म्हाताऱ्याच्या डोक्यात पाणी शिरलं. एका जागी बस, नाहीतर नागली तरी निवड." बसलो निवडायला. पाच मिनिटांत सूप बाजूला ठेवलं आणि हा कागद ओढला. फोन केला असता, पण तू कचेरीत असलीस की "बा, पटकन बोल" म्हणतेस, आणि हे पटकन बोलायचं नाही.

घरचं बरं आहे. लावणी आटोपली, तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. तुझा कॉम्प्युटर आईनं जुन्या लुगड्यानं झाकलाय, ओल लागू नये म्हणून. ते लुगडं काढायला दहा-बारा दिवस माझा हात धजत नव्हता. शेवटी परवा काढलं. त्याचंच सांगायचं आहे.

तू कॉलेजातून कंपायलरची ती पहिली सीडी आणलीस, नव्व्याण्णवची दिवाळी. मी सातवी शिकलेला पाऊस-मोजणीदार, मला म्हणालीस, "बा, ही कॉम्प्युटरची अ‍ॅडा भाषा तुझ्यासारखीच आहे, खडूस. मिलिमीटरमध्ये फूट मिळवू देत नाही." मला ते फार आवडलं. सत्तावीस वर्षं मी सरकारी रजिस्टरात तेच सांभाळलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन तुझं पुस्तक वाचलं. कंपायलर म्हणजे काय ते मला तुझ्या आईच्या जात्यावरून कळलं. आपण लिहिलेलं दळून यंत्राला पचेल असं पीठ करतो, आणि खडा सापडला की जातं थांबवतो. पहिली आवृत्ती नुसती थांबायची. कुठं खडा आहे ते शोधायला माझा अख्खा दिवस जायचा. दोन हजार दोन साली तू दुसरी सीडी पाठवलीस, सोबत नव्या सोयींची छापील यादी. ती शहाणी होती. नाव चुकीचं लिहिलं तर विचारायची, तुला अमुक म्हणायचंय का? एखादं नाव मांडून ठेवलं आणि पुढे वापरलंच नाही तर तेही दाखवायची. जातं थांबवायची नाही, पण बोलायची. मला घरात आणखी एक माणूस आल्यासारखं झालं.

त्याच वर्षी पाटी सुरू झाली, आठवतं ना? मोखाड्याच्या वाटेवर वहाळावर जी पुलाची बुटकी फरशी आहे, तिच्यावर पाणी चढलं की जीपवाल्यांची फजिती व्हायची. अर्ध्या वाटेवर जाऊन परत या, नाहीतर घुसा. जिवा गुरुजी त्या वहाळाच्या वरच्या अंगाला मोखाड्यात, मी इथं. दोघं निवृत्त, दोघांकडे पर्जन्यमापक. त्यानं साडेआठला बूथवरून फोन करून त्याचा पाऊस सांगायचा, मी त्यात माझा घालायचा, मागचे चार दिवस जमीन किती प्यायली ते धरायचं, आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम सांगायचा: जा, किंवा थांब. मी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पाटी टांगायचो. हसले सगळे आधी. "मधूकाकाची पेटी आभाळाची कुंडली मांडते," म्हणाले. दुसऱ्या पावसाळ्यात पाटी लागल्याशिवाय गाडी हलेना. मला वाटलं, आयुष्यभर पाऊस मोजला, तो कुणाच्या उपयोगी पडला तो आत्ता.

आता चूक सांगतो. दोन हजार चारच्या श्रावणात जिवाचा मोतीबिंदू काढला. पंधरा दिवस त्याला डोळ्यावर पट्टी आणि मापावरचा आकडा दिसेना. मी प्रोग्रॅमात एक ओळ घातली: मोखाड्याच्या जागी जव्हारचाच पाऊस धर. पंधरा दिवसांपुरती. जिवा बरा झाला, त्याचा फोन सुरू झाला, मी रोज त्याचा आकडा भरू लागलो आणि ती ओळ काढायची राहिली. पाहुणा गेला तरी अंथरूण तसंच. म्हणजे मी जिवाचा पाऊस टाइप करायचो आणि पुढच्याच ओळीत माझाच पाऊस तो पुसून टाकायचा. दोन पावसाळे. दोन्हीकडचा पाऊस बहुतेक दिवस सारखाच असतो, म्हणून कळलं नाही. जिवा मात्र एकदा म्हणाला होता, "तुझी पेटी माझं ऐकत नाही रे, बायकोसारखी." मी हसण्यावारी नेलं.

मागच्या दिवाळीला तू तिसरी सीडी आणलीस. तिच्या यादीत नवी सोय होती. एखादी किंमत ठेवली आणि कुणी वाचण्याआधीच पुसली गेली, तर ही आवृत्ती ओळीचा आकडा देऊन सांगते. आपण फराळाचं ताट घेऊन पडद्यापुढे बसलो होतो. सतरा सूचना आल्या. त्यातल्या दोन-तीन आपण पाहिल्या, फुटकळ होत्या. मी म्हटलं, "हे तर माझ्या सासूसारखं झालं, प्रत्येक गोष्टीत बोलतं." तू हसलीस आणि म्हणालीस, "आमच्याकडे नव्या आवृत्तीवर गेल्यावर सहाशे आल्या, बा. साहेबांनी बंदच करायला सांगितल्या. वेळ कुणाला आहे?" आणि तूच ती एक ओळ टाइप केलीस, सूचना बंद करायची. पडदा स्वच्छ झाला. मी तुला आणखी एक करंजी दिली.

सत्तावीस जुलैला जिवानं शहाण्णव मिलिमीटर सांगितला. माझ्याकडे एकतीस. तो म्हणाला, "आज सांभाळ रे मधू, इकडं आभाळ फाटलंय." मी भरलं. प्रोग्रॅम म्हणाला, जा. मी थबकलो, बाय, खोटं नाही सांगत. दोनदा भरून पाहिलं. दोन्ही वेळा जा. मग मनाला सांगितलं, चार दिवसांची कोरडी जमीन यंत्र धरतं, आपल्या डोक्याला तेवढं कुठं धरता येतं? जिवा मित्र आहे, पण अंदाजानं बोलतो. पाटी टांगली.

रोहिदासची जीप पहिली निघाली. आत नऊ माणसं. फरशीच्या मध्यावर पोचला आणि वरून तांबडं पाणी आलं, एकदम, लाकडं घेऊन. इंजिन बंद पडलं. बुधी म्हातारी पलीकडे गुरं राखत होती, तिनं ओरडून पाड्यावरची माणसं जमवली. गुरांची दावी एकाला एक बांधून त्यांनी एकेकाला ओढून काढलं. नऊही वाचले. गाडीतल्या कमूचा उजवा हात मोडला, दोन जागी. तिची सून म्हणते, आता तिला दळता-कांडता येणार नाही. जीप खाली खडकात चाकं वर करून पडली आहे, अजून.

सगळे म्हणाले, निसर्ग आहे. मलाही कुणी बोल लावला नाही, आणि तेच मला बसू देईना. परवा लुगडं काढलं, तू टाइप केलेली ओळ काढली आणि सतराच्या सतरा सूचना वाचायला घेतल्या. अकरावी तीच होती: जिवाचा पाऊस कुणी वाचण्याआधीच पुसला जातो. ओळीचा आकडासुद्धा दिला होता, उजू. दिवाळीपासून ती तिथं उभी होती, नुसती आपण तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

काल स्टँडवर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. रोहिदासनं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, वहाळ मला दिसत होता. रंग बदललेला दिसत होता. पण पाटीवर तुमचं अक्षर होतं, म्हणून घातली गाडी." त्यापेक्षा त्यानं चार माणसांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कमूकडे गेलो. ती म्हणाली, "बस, चहा घे," आणि डाव्या हातानं कप पुढे केला. जिवाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी कुणाला पाऊस सांगत होतो रे?"

आणि मग मला ते रजिस्टर आठवलं. तू सहावीत होतीस. मी दाभोशाला लग्नाला दोन दिवस राहिलो आणि परत येऊन त्या दोन दिवसांचे आकडे अंदाजानं भरले. तू शेजारी बसून पाहत होतीस. म्हणालीस, "बा, हे खरं नाही. तू इथं नव्हतास." मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. म्हटलं, मोठ्यांच्या चुका काढू नयेत, त्यांच्यामुळं आपण जेवतो. तू रडली नाहीस. पेन्सिल उचलून आत गेलीस आणि त्यानंतर माझ्या रजिस्टरात कधी डोकावली नाहीस. शाळेत हुशार, कधी उलट बोलत नाही, सगळे गुरुजी कौतुक करायचे. मीही छाती फुगवून ऐकायचो. तुझ्या साहेबांनाही तू म्हणूनच आवडतेस, हे मला गेल्या रविवारी कळलं.

त्या रविवारी फोनवर तू सहज सांगितलंस की पंचवीस तारखेला तुमचं रेल्वेच्या सिग्नलच्या प्रोग्रॅमचं काम पुरं होतंय, तपासणीच्या कागदावर तुझी सही लागणार, आणि सूचनांच्या रकान्यात शून्य लिहायचं ठरलंय. म्हणालीस, "सगळेच तसं लिहितात, बा." तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही, आणि हे पत्र मी त्यासाठीच लिहितो आहे. सही करू नकोस. सहाशे सूचना म्हणजे रोज साठ वाचल्यास तरी पंचवीसच्या आत होतात. त्यातल्या पाचशे नव्व्याण्णव माझ्या सासूसारख्या असतील, असू देत. साहेब रागावला, नोकरी गेली, तर कालवडीला नाव ठेवायला घरी ये. आई नागलीची भाकरी घालेल आणि मी एक शब्द बोलणार नाही. आणि सवय व्हावी म्हणून आधी माझ्यापासून सुरुवात कर. सोबत माझ्या दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमचे अकरा कागद जोडले आहेत. सगळ्या सूचना चालू ठेवून तपास, आणि जिथं तुझा बा चुकला असेल तिथं तांबड्या शाईनं लिही, मोठ्या अक्षरात, भीड न ठेवता. स्टँडवर सांगून ठेवलंय की तुझे कागद येईपर्यंत पाटी लागणार नाही, वहाळाकडे डोळ्यांनी बघून जा.

तुझ्या तांबड्या शाईची वाट पाहणारा,
तुझाच बा,
मधू