पुलावरचं माझं अक्षर

दादास,

धाकट्या श्यूयांगचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचं मुळ्याचं लोणचं पोचलं. इथल्या मेजवान्यांतून उठून मी तेच खातो.

मी प्रांताचा प्रमुख झालो म्हणून गावात फटाके लावले म्हणे. पुन्हा लावू देऊ नकोस.

माझ्या आधीच्या साहेबांना चौकशीला नेलं, ते परत आलेच नाहीत. समोरच्या वाचनालयाचं नाव दारावरच्या दगडात त्यांच्या हस्ताक्षरात कोरलेलं होतं. गवंड्यांनी ते छिन्नीने काढलं. पण दंव पडलं की ओल्या दगडावर ते पुन्हा उमटतं. शिपायाला दाखवलं, तर म्हणाला, "साहेब, मला काही दिसत नाही."

मी जिल्ह्याचा अधिकारी होतो तेव्हा आपल्या गावच्या पुलाचं नाव कोरायला लिहून दिलं होतं. "रेड्याने चिखल तुडवल्यासारखं अक्षर," म्हणून तू हसला होतास. त्यावर गिलावा करून घे. महापौर झाल्यावर शाळेच्या फाटकावर लिहिलं, तेही पुसून टाक. कोणी विचारलं तर दुरुस्ती चाललीय म्हण.

आईच्या थडग्यावरचं नावही माझ्याच हातचं आहे. ते मात्र गवंड्याकडे देऊ नकोस. तू स्वतः काढ, हलक्या हाताने.

तुझाच,
श्यूयांग